तिसरी शिवण

४ जानेवारी

मावशी,

आधी मशीन थांबव आणि नीट बस. बातमी मोठी आहे आणि तू धावत्या सुईखाली बोट घालणारी बाई आहेस.

ऑपरेशन ठरलं. येत्या अठ्ठावीसला मी स्तन लहान करून घेते आहे. हुश्श, लिहून टाकलं एकदाचं. मागच्या वेळी तू आली होतीस तेव्हा हे सांगायला तीनदा हात उचलले आणि तीनदा खाली ठेवले.

तू बहिरी नसतीस तर मला हाताची भाषा आली नसती, ती आली नसती तर मी दुभाषी झाले नसते, म्हणजे खांदेदुखीचं मूळ कारण तूच. दिवसभर लोकांपुढे उभं राहून छातीसमोर हात नाचवायचे ही माझी नोकरी. कोर्टात, दवाखान्यात, टीव्हीवरच्या बातम्यांत कोपऱ्यातल्या त्या चौकटीत. बघणाऱ्याने माझ्या हातांकडे बघायचं असतं. त्याचे डोळे कुठे घसरतात ते मला समोरून लख्ख दिसतं. तेही मी सोसलं असतं गं. पण खांद्यांवर आतल्या पट्ट्यांच्या अशा खाचा पडल्यात की त्यात पेन्सिल ठेवली तर राहील. उन्हाळ्यात खालच्या घडीतली कातडी सोलून निघते. आणि गेल्या महिन्यात कोर्टात एका बहिऱ्या माणसाची साक्ष चालू असताना उजव्या हाताला मुंग्या आल्या आणि माझी बोटं वाक्याच्या मधेच अडली. न्यायाधीश म्हणाले, “बाई, साक्षीदार थांबलाय की तुम्ही?” त्या दिवशी ठरवलं, पुरे झालं.

डॉक्टर बाई आहेत, तोंडाने रोखठोक, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर चित्र काढून सांगतात. तुला आवडतील. त्यांनी दोन प्रकार दाखवले. एकात दोन शिवणी: स्तनाग्राच्या गडद वर्तुळाभोवती एक गोल, आणि तिथून खाली एक सरळ. दुसऱ्यात याच दोन, शिवाय तिसरी, खालच्या घडीत आडवी, छातीच्या मधल्या हाडापासून पार काखेच्या बाजूपर्यंत. दोन शिवणींत व्रण कमी, पण जास्तीची कातडी सगळी खालच्या टोकाला गोळा होते. तिथे चुण्या पडतात, त्या बसायला महिने जातात, आणि नाहीच बसल्या तर पुन्हा टेबलावर चढा. तीन शिवणींत आकार तिथल्या तिथे पक्का. माझ्या मापाला दोन्ही चालतील, ठरव म्हणाल्या.

मी तीन ठरवल्या. कोणाच्या शिकवणीवर? तुझ्या! तुझ्या टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायचे तेव्हा तू शिकाऊ मुलींना हातवारे करून दटावायचीस ना, शिवण वाचवायला कापड ओढू नका, एक जास्त घाला पण ताण देऊ नका. डॉक्टरांना हे सांगितलं तर खळखळून हसल्या. म्हणाल्या, मावशींना माझ्याकडे कामाला पाठवा.

मग त्यांनी प्रश्नांचा सपाटा लावला. सिगारेट ओढता का, कुठली औषधं चालू आहेत, आणि शेवटी, घरात कोणाचे व्रण जाड होतात का, फुगतात का, खाजतात का. आई शेजारी बसली होती. मी म्हटलं, नाही हो, आमच्याकडे सगळ्यांची कातडी सोशिक. आई पर्समध्ये रुमाल शोधत राहिली. घरी आल्यावर मात्र तोंडाचा पट्टा सुरू. चांगल्या अंगाला सुरी कशाला लावायची, हा सगळा नटवेपणा आहे, वगैरे. बाबा असते तर त्यांनी मधे पडून मिटवलं असतं. आता ते काम तुझं. तिला दोन ओळी लिही ना.

तुझी,
बडबडी


८ जानेवारी

बडबडे,

पत्र मिळालं. चारदा वाचलं.

खांद्यांचं मला दिसत होतं. तुझे कपडे मी शिवते, पट्टी कुठे रुतते ते मला कळत नाही असं वाटतं का तुला? ऑपरेशन करून घ्यायला माझी ना नाही. दुखणं अंगावर काढून कोणी बक्षीस देत नाही.

पण तीन शिवणी घालून घेऊ नकोस.

मी मुलींना जे सांगते ते कापडाबद्दल. कापलेलं कापड निपचित पडून राहतं. आपण घातलेली टीप दहा वर्षांनी उसवून बघितली तरी तेवढीच असते. कातडीचं तसं नाही, ती आपल्या मनाने वागते. माझं वाक्य तू डॉक्टरांसमोर म्हटलंस हे वाचून मला दुकानात बसवेना, मालकाला डोकं दुखतं म्हणून सांगून घरी आले.

आणखी एक. डॉक्टरांचा शेवटचा प्रश्न तू आईला विचार. नीट समोर बसवून, हातातलं काम काढून घेऊन विचार. उत्तर मिळेपर्यंत तारीख पुढे ढकलता आली तर ढकल. मला का म्हणून विचारू नकोस.

तिला मी लिहीन, पण तुला वाटतं ते नाही.

मावशी


१२ जानेवारी

मावशी,

वा! म्हणजे आईचं पत्र तुला माझ्या आधीच पोचलं होतं तर. उगाच नाही “तारीख ढकल”. तिचंच वाक्य आहे ते, फक्त अक्षर तुझं.

तरी तुझं ऐकलं. रविवारी आईला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि विचारलं, आपल्यात कोणाचा व्रण जाड झालाय? मावशी म्हणते तुला माहीत आहे. तिने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं, आणि म्हणाली, “तुझ्या मावशीच्या अंगठ्यात मशीनची सुई घुसली होती. तिथे गाठ आली. तेच असेल तिच्या मनात.” आणि फडकं माझ्या हातातून ओढून घेऊन शेगडी पुसायला लागली. शेगडी स्वच्छ होती.

एका सुईच्या टोचण्यावरून तू मला एवढं घाबरवलंस? मी दोन दिवस झोपले नाही मावशी. आरशासमोर उभी राहून घडीत बोट फिरवत बसले, इथे काय वाढेल, इथे काय फुगेल. डॉक्टरांना जाऊन तुझ्या अंगठ्याची कहाणी सांगू का? त्या मला वेड्यात काढतील.

सगळ्या घरात एक तूच होतीस जिला मी न लाजता सांगू शकले. टीव्हीवाल्यांनी मला मार्चपर्यंत रजा दिली आहे, त्यानंतर ती चौकट दुसऱ्या कोणाला देतील. मला चुण्या बसायची वाट बघत आणि दुसऱ्या ऑपरेशनची धास्ती घेऊन राहायचं नाही. तीन शिवणी, अठ्ठावीस तारीख. काय सांगायचं असेल ते सरळ सांग, कोड्यात बोलू नकोस.

बडबडी


१५ जानेवारी

ताई,

माझ्या अंगठ्यावर ढकललंस? माझा अंगठा मी आत्ता दिव्याखाली धरून बघते आहे. सुई कुठे घुसली होती तेही दिसत नाही.

तू मला शपथ घातलीस तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस आणि मी एकोणीसची. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा आईबाबांना सांगितलं होतं की छातीतली गाठ काढली. पट्ट्या बदलायला मीच होते. पहिले दोन महिने कशी नाजूक रेघ होती, आठवतं? आपण दोघी खूश. मग ती फुगायला लागली. गोल आणि सरळ शिवण तरी पुष्कळशी बरी राहिली, पण घडीतली आडवी! तिचं मधलं टोक, हाडाजवळचं, करंगळीएवढं जाड झालं, लाल, चकचकीत. झोपेत खाजवून रक्त काढायचीस म्हणून मी तुझ्या हातांना मोजे शिवून दिले होते. तेव्हापासून तुझा एकेक कपडा मी शिवते, आत मऊ अस्तर लावून, गळा वर घेऊन. तुझ्या नवऱ्याला ठाऊक होतं आणि मला. तो गेला. आता मी एकटीच.

दुधाचंही मी विसरलेले नाही. त्या काळी त्यांनी स्तनाग्रं काढून पुन्हा बसवली, त्यामुळे बडबडी झाली तेव्हा तुला दूध येणं शक्यच नव्हतं. तुझ्या सासूने घरोघर सांगितलं, आईलाच माया नाही तर पान्हा कुठून फुटणार. तू खाली मान घालून ऐकलंस. मला हात उचलावेसे वाटायचे, आणि बोलण्यासाठी नाही. पण तू म्हणालीस गप्प राहा, मी राहिले.

ताई, आता तीच पोर त्याच जागी तीच शिवण घालून घ्यायला निघाली आहे, आणि तीही माझ्या शब्दावर. डॉक्टरांनी नेमकं विचारलं होतं. तू पर्समध्ये रुमाल शोधत बसलीस. तुझं तोंड का उघडलं नाही?

तिला सांग. चार दिवसांत तुझं पत्र आलं नाही तर मी लिहिणार.

तुझी धाकटी


१८ जानेवारी

धाकटे,

धमकी देऊ नकोस. तू माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला होतास.

तोंड का उघडलं नाही म्हणून विचारतेस. उघडणार होते. तेवढ्यात ती हसून म्हणाली, आमच्याकडे सगळ्यांची कातडी सोशिक. इतक्या विश्वासाने म्हणाली की मला तिला खोटं पाडवेना. पुढचा प्रश्न आला, तो क्षण गेला. मग वाटलं, ऑपरेशनच झालं नाही तर सांगायची वेळच येणार नाही. म्हणून नटवेपणा म्हणते, म्हणून भांडते. तुला काय वाटलं, मला तिचे खांदे दिसत नाहीत? ती झोपली की मी तिच्या पट्ट्यांना आतून कापूस शिवते. तिला वाटतं त्या तशाच मिळतात.

तुला मूल नाही, म्हणून हे तुला सोपं वाटतं. हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही. शाळेत असताना एकदा भांडणात ती मला म्हणाली होती, “तू मला पाजलंसुद्धा नाहीस.” आजीकडून ऐकलेलं. आता काय सांगू? की तू पोटात यायच्या आधीच मी स्वतःच्या सुखासाठी ते कापून टाकलं होतं? मला दूध येत नव्हतं हे ती विसरेल. मी ते घालवलं हे कसं विसरेल?

तिचा व्रण माझ्यासारखाच होईल कशावरून? तिच्या बाबांवर गेली आहे ती, रंगाने, केसांनी, सगळ्यानेच. कातडीही त्यांचीच असेल.

लिहू नकोस. तुझ्या पाया पडते.

ताई


२० जानेवारी

बडबडे,

सरळ सांग म्हणालीस. सांगते. बसून वाच.

व्रण माझा नाही, तुझ्या आईचा आहे. तुझं जे ऑपरेशन होणार तेच तिचं झालं आहे, तुझ्या जन्माच्या आधी, याच दुखण्यासाठी, तीन शिवणींचं. घडीतली आडवी शिवण जाड झाली, मधल्या टोकाला सगळ्यात जास्त. अजून आहे. तुला दूध मिळालं नाही तेही त्या ऑपरेशनमुळे, मायेचा काही संबंध नाही. तुझ्या आजीला हे माहीत नव्हतं, आणि ती जे बोलली ते साफ चूक होतं.

मला डॉक्टरी कळत नाही. तुझं तसंच होईल का, ठाऊक नाही. ज्यांना कळतं त्यांच्यापुढे हे पत्र ठेव, आणि ऑपरेशनच्या आधी ठेव. मालकाला फोन करायला लावू शकले असते, पण ही गोष्ट एका परक्या पुरुषाने दुकानात ओरडून सांगायची हे माझ्याच्याने होणार नाही.

मी शब्द मोडते आहे. ताई मला माफ करेल की नाही, माहीत नाही. तू तिच्यावर ओरडू नकोस. ती तुला फसवत नव्हती, ती घाबरली आहे. तुझ्या व्रणाला घाबरली आहे आणि त्याहून जास्त तुला.

पोचल्याची एक ओळ टाक. तोवर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

मावशी


२४ जानेवारी

मावशी,

रुसलीस ना? मी तुला “कोड्यात बोलू नकोस” लिहिलं आणि तू बोलणंच बंद केलंस. बारा दिवसांत एक ओळ नाही. रोज कामावरून आले की पहिलं पत्रपेटीत बघते. विजेचं बिल, दाताच्या दवाखान्याची जाहिरात, बस. आई हल्ली माझ्या आधी खाली जाऊन पेटी उघडते. गुडघे दुखतात म्हणून एरवी जिना टाळणारी बाई. विचारलं तर म्हणते, चालणं बरं असतं.

मी चुकले. ते पत्र रागात लिहिलं होतं. तुझ्या अंगठ्याची माफी मागते.

सत्तावीसला दुपारी दाखल व्हायचं. संध्याकाळी डॉक्टर येऊन अंगावर आखणी करतील. आडवं झाल्यावर सगळं भलतीकडे सरकतं म्हणून आखणी उभ्यानेच करायची असते. तू गिऱ्हाइकाला उभं करून खडूने खुणा करतेस, अगदी तसं. कापणं अठ्ठावीसला सकाळी. आतले टाके मोठे घालणार, म्हणजे सगळा भार आत राहील आणि वरच्या कातडीला ओढ बसणार नाही. वरचा दोरा कातडीच्या आतूनच फिरवायचा, बाहेर टाक्यांची शिडी उमटत नाही. हे ऐकताना मला सारखी तूच आठवत होतीस. बाई कसलेल्या आहेत. घाबरायचं कारण नाही.

मी घाबरले आहे.

आई म्हणते, ती दवाखान्यात येणार नाही. रक्त बघवत नाही म्हणे. घरात आम्ही दोघी एकमेकींना वाटी दे, दिवा घालव, एवढंच बोलतो. काल रात्री पाणी प्यायला उठले तर ती स्वयंपाकघरात अंधारात बसलेली, पुढ्यात बिस्किटांचा डबा. मी विचारलं, भूक लागली का? तिने डब्याचं झाकण हाताने दाबून धरलं आणि म्हणाली, जा झोप.

तू तरी बरं म्हण. हे पत्र तुला सत्तावीसला मिळेल. तुझं उत्तर यायच्या आत सगळं झालेलं असेल. तरी लिही.

बडबडी


२७ जानेवारी, दवाखाना

धाकटे,

तुझं वीस तारखेचं पत्र तिला मिळालं नाही. मी पेटीतून काढलं. बिस्किटांच्या डब्यात, खालच्या कागदाखाली ठेवलं आणि रोज रात्री काढून वाचलं. फाडायला चारदा घेतलं. “त्याहून जास्त तुला” या ओळीशी दरवेळी हात थांबला. तू शब्द मोडलास. त्याबद्दल मी तुला बोलणार आहे, समोर आल्यावर, दोन्ही हातांनी, मालकासकट सगळं दुकान बघेल असं.

दुपारी ती एकटी बॅग घेऊन गेली. दारातून वळून म्हणाली, “येते.” मी दार लावलं आणि डबा उघडला.

दवाखान्यात पोचले तेव्हा आखणी सुरू झाली होती. खोली लहान. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर उंच दिवा. ती आरशासमोर कमरेपर्यंत उघडी उभी, डॉक्टर स्टुलावर बसून जांभळ्या पेनाने रेघा ओढत होत्या. गोल झाला होता, सरळ झाली होती. उजवीकडची आडवी काढत होत्या, मधल्या हाडाकडून सुरुवात करून. मला बघून ती चमकली. आनंद झाला होता तिला, चेहऱ्यावर दिसत होता. “आलीस?” म्हणाली.

मी म्हटलं, “डॉक्टर, ती रेघ थांबवा.”

ती म्हणाली, “आई, आता पुन्हा नको गं.” रडकुंडीला आली होती. तिला वाटलं, इथेही भांडायला आले.

तुझं पत्र पर्समध्ये होतं, ते काढून द्यायचं असं वाटेत ठरवलं होतं. पण ते न काढता मी गळ्यापासून बटणं सोडायला लागले. तू शिवलेली बटणं, घट्ट, मेली सुटता सुटेनात. नर्स पुढे आली, डॉक्टरांनी तिला हाताने थांबवलं. मग मी अस्तरही वर केलं आणि दिव्याखाली उभी राहिले. पस्तीस वर्षांनी, धाकटे. लाजेने मेले असते, पण मेले नाही.

डॉक्टरांनी हात धुतले, पुसले आणि एका बोटाने आडव्या शिवणीवरून हळूच शेवटपर्यंत गेल्या. “अजून खाजतं?” मी म्हटलं, हवा बदलली की. “रात्री?” मी म्हटलं, हो. इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. तू सोडून.

मग त्यांनी बडबडीचं अंग तपासलं. गुडघ्यावर सायकलवरून पडल्याचा व्रण, तो पांढरा आणि सपाट. कानाच्या पाळ्या स्वच्छ, टोचल्या तिथे गाठ नाही. म्हणाल्या, हिचं तुमच्यासारखंच होईल असं सांगता येत नाही आणि होणार नाही असंही नाही. पण व्रण जाड होण्याची सगळ्यात वाईट जागा हीच, आडव्या शिवणीचं मधलं टोक. ती टाळता येत असताना तिथे सुरी का लावायची? दोन शिवणींवर भागवू. खाली चुण्या राहतील, त्या बसायला वेळ लागेल, पुढे कदाचित थोडं काम करावं लागेल. नंतर बरेच महिने पट्ट्या आणि सिलिकॉनचे तुकडे लावायचे, उन्हापासून जपायचं, आणि रेघ जराशी जाड व्हायला लागली की लगेच इंजेक्शन, खाजेची वाट बघत बसायचं नाही. तुमच्या वेळी हे कोणी केलं नाही, म्हणाल्या. तारीख पुढे हवी असेल तर तीही देते, उद्याचा हट्ट नाही.

मग बडबडीकडे वळून विचारलं, “काय करू?”

ती माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे नाही. मला वाटलं, आता विचारेल, मला उपाशी का ठेवलंस. तिने विचारलं, “आई, खूप दुखलं होतं का?”

मी म्हटलं, हो. हो म्हटलं आणि मग रडू आवरेना. तीही रडली, अंगावर त्या जांभळ्या रेघा घेऊन. डॉक्टर म्हणाल्या, रेघा ओल्या आहेत, मिठी मारू नका. नर्स हसली. मग आम्हीही हसलो.

डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा घेऊन ती आडवी रेघ पुसली. दोन वेळा घासावी लागली. उद्या सकाळी पहिला नंबर तिचा. दोन शिवणींवर तिने स्वतः सही केली. तुझं पत्र तिला दिलं आहे, ती ते वाचते आहे, मी खुर्चीवर बसून हे लिहिते आहे. मी इथून हलणार नाही.

ताई


८ फेब्रुवारी

मावशी,

अक्षर आईचं आहे, बोलणं माझं. हात वर न्यायला अजून बंदी आहे आणि दोन ओळी लिहिल्या की खांदे भरून येतात, म्हणून तिला कामाला लावलं आहे. ती मला न विचारता वाक्यं गाळते, तेव्हा कुठे चव लागली नाही तर दोष तिचा. (काहीही गाळलेलं नाही. — ताई)

मी बरी आहे. पहिले दोन दिवस छातीवर वीट ठेवल्यासारखं वाटत होतं, पण मानेतली ती जुनी कळ, मावशी, भुलीतून जागी झाले तेव्हाच नव्हती. मी नर्सला तेच पहिलं सांगितलं. तिला वाटलं, मी अजून भुलीत आहे.

दुधाचंही विचारलं आईला, तिसऱ्या रात्री. ती काय म्हणाली ते तुला माहीत आहे, ते पुन्हा तिच्याच हाताने लिहायला लावत नाही. मीही शाळेतल्या त्या भांडणाचं बोलले. आजीचं काय करायचं ते आता वर गेल्यावर बघू. (हे लिहिणार नव्हते. — ताई)

तू शब्द मोडलास त्याबद्दल आई अजून धुसफुसते. दिवसातून एकदा तरी म्हणते, “धाकटीने लिहिलंच शेवटी.” रागाने म्हणते की कशाने, मला अजून कळलेलं नाही.

आता कालचं सांगते. काल दवाखान्यात पट्ट्या पहिल्यांदा काढल्या. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे होत्या, नर्सने कात्रीने कापून सगळं मोकळं केलं आणि नव्या पट्ट्या आणायला बाहेर गेली. मी पलंगावर टेकून बसलेली, डोळे घट्ट मिटलेले. खाली बघायची हिंमतच होईना. ऑपरेशनला जाताना घाबरले नव्हते एवढी घाबरले. आई खुर्चीत होती. मी म्हटलं, आई, तू आधी बघ. आणि मला सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस, जे असेल ते सांग.

ती उठली. चष्मा पुसल्याचा आवाज आला. तिचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता, इतकी जवळ वाकली होती. मला वाटलं, संपलं, ही आता “छान आहे” म्हणणार.

ती म्हणाली, “उजवी रेघ बारीक आहे. डावी खालच्या टोकाला लाल आहे. दोन्हीकडे खाली चुण्या आहेत, डावीकडे जास्त, आणि त्या कुरूप दिसतात. वर्तुळं सारखी नाहीत, डावं किंचित वर आहे. सूज आहे. पू नाही. पहिल्या आठवड्यात माझी अशीच दिसत होती, मग बिघडली. तुझी बिघडेल का, मला माहीत नाही.”

मी डोळे उघडले आणि खाली बघितलं. मावशी, सगळं तिने सांगितलं तसंच होतं.

बडबडी
(आणि ताई)